जाणाऱ्यांची खिडकी

मामा आधी मामा नव्हते. भाची ऑफिसात येण्याआधी अकरा वर्षं सगळे त्यांना ‘थांबा’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं, कारण मामांचा धंदाच मुळी जाणाऱ्यांना थांबवण्याचा होता.

हा धंदा म्हणजे नेमकं काय, हे मामांच्या सख्ख्या बहिणीलाही कधी धड समजलं नाही, तेव्हा इथेच सांगून टाकलेलं बरं. कोणी गाद्या विकणारा, कोणी गणिताची शिकवणी घेणारा, इंटरनेटवर आपलं एक पान उघडतो. त्या पानाचं मागणं एकच असतं: तुमचा ईमेलचा पत्ता द्या, आम्ही तुम्हाला अधूनमधून पत्र पाठवू. लोक येतात, चार ओळी वाचतात, नाक मुरडतात आणि निघतात. शंभरातले नव्वद तर निघतातच. पण निघणाऱ्याच्या माऊसचा बाण वरच्या फुलीकडे सरकला, किंवा फोनवर बोट मागे फिरायला लागलं, की पानाला त्याचा सुगावा लागतो आणि मधोमध एक छोटी चौकट उभी राहते. ऑफिसात तिला खिडकी म्हणत. खिडकीत दोन ओळी आणि खाली दोन बटणं. त्या दोन ओळी मामा लिहीत.

मामांची पद्धत म्हणजे सरळ रस्ता अडवायचा. पहिला शब्द ठरलेला, ‘थांबा.’ गादीवाल्याच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘थांबा. उद्या सकाळी पुन्हा कंबर धरूनच उठणार?’ खाली एक बटण, ‘नको, हा घ्या पत्ता.’ आणि दुसरं, ‘हो, मला कंबरदुखी आवडते.’ आता हे दुसरं बटण दाबायला माणसाला लाज वाटतेच. शंभरातले सहा जण तरी ओशाळून पत्ता देऊन जात, आणि या धंद्यात सहा म्हणजे काय, हे मामा चहाच्या वेळी नव्या माणसाला समजावून सांगत. जुन्यांना ते पाठ होतं.

घरीही तोच प्रकार. पाहुणे उठले की मामा दारात उभे. पायांत चपला घातलेल्या पाहुण्यांना त्यांनी पाऊण पाऊण तास उंबऱ्यावर ताटकळत ठेवलं आहे. मामी म्हणायच्या, “आमच्याकडे यायला वेळ लागत नाही, निघायला लागतो.”

ऑफिसात मामांची खुर्ची खऱ्याखुऱ्या खिडकीशेजारी होती. तिची वर-खाली करायची दांडी मोडलेली, त्यामुळे मामा टेबलापेक्षा जरा खालीच बसत आणि हनुवटी वर करून लिहीत. शेजारच्या खणात अकरा वर्षांच्या खिडक्या कार्डांवर लिहून, रबरबँड लावून ठेवल्या होत्या. ही खुर्ची, हा खण आणि ही दोन-दोन ओळींची कार्डं एवढं मामांचं राज्य. त्यात भाची आली, आणि ती मामांनीच आणली.

झालं असं की थोरल्या बहिणीचा फोन आला. “पोरगी हुशार आहे रे, नुसती घरात बसून आहे. तुझ्या हाताखाली घे.” हाताखाली हा शब्द मामांना आवडला. त्यांनी मॅडमकडे शब्द टाकला. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मालकीण. इस्त्रीचं टेबल हलवून घरातली मागची खोली भाचीला दिली, आणि पहिल्या दिवशी मामा तिला स्वतः बरोबर घेऊन गेले. खिडकी कधी उघडावी, किती शब्द असावेत, बटणाचा रंग कोणता, सगळं तिला शिकवलं. हातचं राखून काही ठेवलं नाही, हे मामांबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आठव्या दिवशी भाचीने पहिली खिडकी लिहिली. मामांनी लाल पेन घेऊन ती वाचली आणि म्हणाले, “ठीक आहे. पण जोर नाही यात. माणूस घाबरला पाहिजे.” तेवढ्यात मॅडम मागून आल्या, खांद्यावरून वाचली आणि हसल्या. मोठ्याने नव्हे, स्वतःशीच, छान हसल्या. “हीच लावा,” म्हणाल्या.

मॅडम अकरा वर्षांत मामांच्या एकाही खिडकीवर हसल्या नव्हत्या. मान हलवायच्या. तेवढ्यावर मामा आजवर खूश होते.

तिथून जे सुरू झालं ते मामांना स्वतःलाही आवडत नव्हतं. स्वतःच्या बहिणीच्या लेकीवर माणूस जळतो का? जळतो. मामा सकाळी दात घासताना जळत, जेवताना जळत, आणि ऑफिसात तर शेजारीच ती बसलेली असल्यामुळे दिवसभर जळत. तिने टेबलावर एक लहानसं रोप आणून ठेवलं, तेही त्यांच्या डोळ्यांत खुपलं. तिची मान खाली गेली की मामा हनुवटी अजून वर करून तिच्या पडद्याकडे बघत. आणि सगळ्यांत जास्त झोंबलं ते नावाचं. “मामा, स्टेपलर द्या ना,” असं ती पहिल्या आठवड्यात म्हणाली आणि बघता बघता सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायला लागलं. आकड्यांचं काम बघणारा मामांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, तोही मामा म्हणायचा. अकरा वर्षं राबून कमावलेलं ‘थांबा’ हे नाव आठ दिवसांत पुसलं गेलं. आता ते ऑफिसात कोण होते? तर हिचे मामा.

घरी जावं तर तिथेही सुटका नाही. भाचीची एक खिडकी मामींनी कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवली होती. “अहो, बघा तरी किती साधं लिहिलंय पोरीने,” मामी म्हणाल्या.

“साधं म्हणजे सोपं,” मामा म्हणाले.

“तेच म्हणतेय मी.”

चार महिन्यांनी मॅडमनी दोघांना बोलावलं. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एक बाई होत्या. दर आठवड्याला त्या लोकांना पत्र पाठवत: तेल कुठे घालावं, धागा का तुटतो, असं. त्यांच्या पानासाठी दोघांनी एकेक खिडकी लिहायची होती. तीन आठवडे निघणाऱ्यांतल्या निम्म्यांना मामांची दिसणार, निम्म्यांना भाचीची. कोणाला कोणती, ते पान आपलं आपण ठरवणार. ज्याची खिडकी जिंकेल त्याची पद्धत सगळ्या गिऱ्हाइकांच्या पानांवर, आणि खिडक्या त्यानेच लिहायच्या. “दोघांचं काम नाही ते,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्याने ऑफिसच्या मागच्या खोलीत जाऊन तक्रारींच्या मेलना उत्तरं द्यायची.” मागच्या खोलीत प्रिंटरची धग होती आणि भिंती चारही बाजूंनी होत्या. मामांनी खालच्या खुर्चीतून एकदा आपल्या खिडकीबाहेर बघून घेतलं.

जिंकलं कसं ठरवायचं हा नियमही मामांनीच घालून दिला. पान लहान, पत्ते मिळून दहा-बारा येणार, तेवढ्यावर निकाल लावण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. “खिडकी बघून जो निघायचा थांबला आणि मिनिटभर तरी पानावर राहिला, तो परतलेला धरायचा,” मामा म्हणाले. आकडेवाल्याने मान डोलावली, भाचीनेही. स्वतःच्या पायावर एवढा मोठा धोंडा कोणी इतक्या रुबाबात पाडून घेतला नसेल, पण ते पुढे कळायचं होतं.

मामांनी लिहिलं: ‘थांबा. तुमचं मशीन तिकडे रडतंय आणि तुम्ही निघालात?’ बटणं, ‘सांगा, काय करू?’ आणि ‘रडू दे, मला काय.’

भाचीने लिहिलं: ‘निघालात? बरं. घरी गेल्यावर मशीनची सुई काढून टोकावरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर सुई बदला, धागा तुटायचा थांबेल.’ बटणं, ‘अजून सांगा’ आणि ‘बरं, येतो.’

“यात तू मागितलंयस कुठे?” मामांनी विचारलं.

“नाही मागितलं.”

“मग देईल कोण?”

“बघू ना, मामा,” भाची म्हणाली आणि रोपाला पाणी घालायला उठली. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला.

ऑफिसात भाचीची खिडकी उघडून बघावी तर ती शेजारीच. आकडे तीन आठवडे कोणाला दाखवायचे नव्हते. मग मामांनी एक जागा शोधली. घर चौथ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्याच्या वर, जिना वळतो तिथे एक बुटका कठडा आहे. भाची साडेपाचलाच पुढे निघून घरी पोचायची. मामा मागून येत आणि त्या कठड्यावर बसून खिशातून फोन काढत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, अशी मामींच्या कानावर घालून ठेवलेली थाप होती. जिन्यातला दिवा दोन मिनिटांनी आपोआप विझायचा. मामा उठून बटण दाबत, पुन्हा बसत.

एकदा खिडकी दाखवली की ते पान त्याच माणसाला ती पुन्हा दाखवत नाही. म्हणून मामा आधी फोनमधली त्या पानाची सगळी आठवण पुसून टाकत, म्हणजे पान त्यांना दर वेळी नवा पाहुणा समजे. मग पान उघडायचं, निघाल्यासारखं करायचं. स्वतःची खिडकी आली की फटकन बंद. ती काय बघायची? तिचा शब्दन् शब्द पाठ होता. भाचीची आली की मात्र मामा वाचत. ‘अजून सांगा’ दाबून पुढचंही वाचत, पान वर-खाली करत, चार-चार मिनिटं बसून राहत. यात काय आहे? काहीच तर नाही, असं म्हणून ते उठत, चार पायऱ्या चढत, आणि काहीतरी नक्की आहे असं वाटून पुन्हा खाली येऊन बसत.

एका रविवारी मामी बाहेर गेलेल्या असताना मामांनी घरातल्या मशीनवरचं कापड काढलं, सुई सोडवली आणि टोकावरून नख फिरवलं. नख अडकलं. मामांना इतका राग आला की सुई तशीच परत बसवावी असं क्षणभर वाटलं. मग डबा हुडकून त्यांनी नवी सुई लावली आणि कापड होतं तसं टाकलं.

दोन दिवसांनी जेवताना मामी म्हणाल्या, “मशीनची सुई कोणी बदलली गं? धागा तुटायचाच बंद झालाय.”

“मी नाही,” भाची म्हणाली आणि तिने एकदा मामांकडे बघितलं. मामा ताटात बघून जेवत होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून कोणी पान बघितलं तर ते मोजणीत धरायचं नाही, अशी सोय आकडेवाल्याने फार पूर्वीच करून ठेवली होती. मामांनी अकरा वर्षं सगळी पानं ऑफिसातच बघितली होती. त्यामुळे नुसतं बघितल्यानेही आपण मोजले जातो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाहेरच्या माणसांच्या हालचालींवर ज्याचं पोट, त्याला आपणही जिन्यात बसलो की बाहेरचे होतो हे सुचू नये, ही कमाल होती.

तीन आठवडे संपले. शुक्रवारी दुपारी आकडेवाल्याने निकाल भिंतीवर लावला. भाचीच्या खिडकीने शंभरातले वीस परतवले होते. मामांच्या खिडकीने चौदा.

कोण कधी आलं आणि किती वेळ राहिलं, याची यादीही त्याने सगळ्यांच्या हातात दिली. भाचीच पहिली बोलली, आणि भीतभीत नव्हे, उत्साहाने. “मॅडम, यात एक गंमत आहे. संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या मध्ये रोज एक-दोन माणसं येतात. सगळ्यांचा फोन एकाच जातीचा. मला वाटतं शिवणाचा क्लास असणार कुठेतरी, मैत्रिणी मैत्रिणींना दाखवत असतील. त्यांना माझी खिडकी दिसली की त्या चार-चार मिनिटं राहतात. एक तर अकरा मिनिटं होती.”

“आणि मामांची दिसली की?” मॅडमनी विचारलं.

आकडेवाल्याने यादीवर बोट फिरवलं. “दोन सेकंदांत पसार. अठराच्या अठरा.”

सगळे हसले. मॅडमही हसल्या. ‘अहो, मीच तो क्लास,’ असं म्हणायचं सोडून मामाही थोडे हसले. शर्टाच्या खिशातला फोन त्यांना एकदम जड लागायला लागला.

“आणि हे सगळे आमच्याच भागातले आहेत बरं का,” भाची म्हणाली, आणि पुढे काही बोलायची ती मध्येच गप्प झाली. मामांनी ते पाहिलं नाही. ते हातातल्या कागदाच्या मागे आकडे मांडत होते. त्यांच्या जिन्यातल्या फेऱ्या चौतीस. सोळा वेळा तिची खिडकी आली आणि ते थांबले. अठरा वेळा स्वतःची आली आणि ती त्यांनी तोंडावर आपटली. चौतीसही काढून टाकल्या तर तिचे शंभरात तेरा उरत होते. आणि त्यांचे पंधरा भरत होते.

मामांनी पुन्हा मांडून बघितलं. पंधराच आले. ते जिंकले होते.

खुर्ची वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य म्हणजे, मी तीन आठवडे जिन्यात बसून माझ्या भाचीच्या दोन ओळी वाचत होतो. हे मॅडमसमोर बोलायचं? आकडेवाल्यासमोर, जो ते जन्मभर चहाबरोबर चघळेल? तिच्यासमोर? मामांनी कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि खिशात घातली.

“मामा, सोमवारपासून मागची खोली मग,” मॅडम म्हणाल्या. वाईट सुरात नव्हे.

“हो,” मामा म्हणाले. खणातली कार्डं त्यांनी एका खोक्यात भरली. खोकं भरेल असं त्यांना वाटलं होतं, ते अर्धंच भरलं.

त्या संध्याकाळी जिन्यात बसायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी पाय वळणावर आपोआप थांबले. खोकं मांडीवर घेऊन मामा कठड्यावर टेकले. ती आता बसेल त्या खुर्चीवर, दांडी नवी बसवतील, मॅडम मागून येऊन हसतील, हे सगळं त्यांनी सावकाश डोळ्यांपुढे आणलं. दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तसं. मग फोन काढला, आठवण पुसली, पान उघडलं आणि निघाल्यासारखं केलं.

खिडकी आली. पण ओळी वेगळ्या होत्या.

‘मामा, जिन्यात गार लागेल. चहा ठेवलाय. मोजणी मी पुन्हा केली, तुमची जास्त भरतेय. मॅडमना सांगू का, ते वर येऊन सांगा.’

दिवा विझला. मामांनी अंधारातच ओळी पुन्हा वाचल्या, फोनचा उजेड तेवढा होता. सवयीने त्यांची नजर दुसऱ्या बटणाकडे गेली. दुसरं बटण नव्हतं. एकच होतं, ‘बरं, येतो.’

ओळी चांगल्या होत्या. आपल्याला जन्मात अशा सुचल्या नसत्या, हे मामांना तिथल्या तिथे कळलं आणि ते पुन्हा जळले. आणि एकच बटण ठेवायचं, ही एवढीशी गोष्ट अकरा वर्षांत डोक्यात आली नाही. लाज वाटली त्याच्याआधी हेवा वाटला, असा हा माणूस. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग बटण दाबलं, खोकं काखेत मारलं आणि जिना चढले.

दार उघडंच होतं. भाची स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. मामींनी कप पुढे सरकवला आणि आधी त्याच बोलल्या. “सुई तुम्ही बदललीत ना?”

“बदलली.”

“मग जेवताना बोलला का नाहीत?”

मामा बसले. भाचीने पानावरची ती खिडकी काढून टाकली आणि कॉम्प्युटर मिटला. “सांगू मॅडमना?”

“काय सांगशील?”

“की त्या चौतीस फेऱ्या घरच्याच होत्या. मोजायच्या नव्हत्या.”

“कोणाच्या, विचारतील.”

“माझ्या म्हणून सांगते.”

“तुझ्या? म्हणजे स्वतःला जिंकवायला तू लबाडी केलीस असं होईल.” मामांचा आवाज चढला. “काही सांगायचं नाहीस तू. सोमवारी मीच सांगतो. जळत होतो म्हणून बसत होतो, असं सांगतो. हसू देत. खुर्ची माझी आहे आणि ती मी परत घेणार आहे.”

“घ्या की,” भाची म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरला होता, पण आवाज नव्हता उतरला. “मी मागच्या खोलीत जाईन. पण मला एक सांगा, अठरा वेळा स्वतःची खिडकी फटकन का बंद केलीत? मिनिटभर बसला असतात तर हा घोळच झाला नसता.”

“माझी मला पाठ आहे.”

“माझीही पाठ झाली असेल एव्हाना.”

“झालीय.” मामांनी कप उचलला, खाली ठेवला. “पाठ झाली. पण तशी लिहिता येत नाहीये. तेच शोधत होतो तिथे बसून.”

मामी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांनी वळून बघितलं नाही. भाचीने खोक्याचं झाकण उघडलं, रबरबँड काढला आणि वरचं कार्ड वाचायला घेतलं. तिने ते वाचलेलं मामांना चालणार नव्हतं, पण त्यांनी वाचू दिलं. चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, “आज किती वेळ थांबलो मी?”

“मोजलं नाही,” भाची म्हणाली. “चहा दोनदा गरम केला.”